मागचं सीट कापायचं ठरलं तेव्हा

आमच्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझी नणंद कायमची राहायला आली. मुलीची खोली रिकामी झाली आणि लगेच भरलीसुद्धा. मुलगी जाताना मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं. नणंद आली तेव्हा मी हसले, तेही सगळ्यांनी पाहिलं. त्यातलं खरं कुठलं, ते विचारायला कोणी आलं नाही.

नणंद माझ्या नवऱ्याहून मोठी. तिचा नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात ती प्रेस मशीन चालवायची. तिथलं काम सोडून आली होती. का सोडलं विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." मी तिला ताई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. ती मला वहिनी म्हणायची, पण अगं-तुगं करून. नवऱ्याला ती बाळ्या म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या पंपावर हाताखाली चार माणसं असलेला, केस पिकलेला माणूस, आणि घरात बाळ्या!

मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये इटालियन मोटरसायकल. ती सासऱ्यांची. ते एका गोदामावर पहारेकरी होते. गोदाम रिकामं करताना कोपऱ्यात लाकडी खोक्यांत सुटे भाग सापडले. मालक म्हणाला, भंगार आहे, हवं तर ने. सासऱ्यांनी ते भंगार घरी आणलं आणि वर्षानुवर्षं बसून त्यातून गाडी उभी केली. ते गेल्यावर ती नवऱ्याकडे आली. मोठी, जड गाडी. टाकीच्या खालून दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखे. शेजारचा कंपाउंडर तिला माझी सवत म्हणायचा. त्याला वाटायचं, मी गाडीवर जळते. मी गाडीवर कधीच जळले नाही. कारण त्या गाडीशी माझं काम होतं.

काम असं. गाडीला दोन कार्बोरेटर, एकेका सिलिंडरला एक. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी लोण्यासारखी चालते. एकाने जास्त ओढली तर दुसरा सिलिंडर नुसता फरफटत येतो आणि गाडी थरथरते. हे मोजायची यंत्रं मिळतात. आमच्या घरात ती कधी आली नाहीत. आमच्याकडे हातभर रबरी नळी होती. नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. आत हवा जाताना सूंऽऽ असा बारीक आवाज होतो. आधी डावीकडचा ऐकायचा, मग त्याच कानाने उजवीकडचा. जो मोठा ओढतो त्याचा पेच थोडा मागे घ्यायचा. एकाने ऐकायचं, एकाने पेचकस धरायचा. सासऱ्यांनीच मला ते शिकवलं होतं, आणि ते गेल्यावर ऐकण्याचं काम मी करत आले. नवरा म्हणायचा, "तुझा कान म्हणजे तराजू आहे." त्याने मला आयुष्यात दिलेली शाबासकी एवढीच. पण ती दर सुट्टीच्या सकाळी मिळायची.

मग मी मागच्या सीटवर बसायचे आणि आम्ही नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. गाडी ठीक झाली का ते पाहायला, असं तो म्हणायचा.

नणंद आली त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी त्याने सकाळी टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांची फट, जुळवले. ते इंजिन थंड असताना करायचं असतं. मग ठिणगीचे पॉइंट साफ केले, गाडी चालू करून गरम होऊ दिली. आवाज स्थिरावला तशी मी हात पुसत मागे गेले. बघते तर स्टुलावर नणंद बसलेली, कानात नळी.

"अगं, ताई करतेय," नवरा म्हणाला. "तू चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं. चहा असा उकळला की काळा झाला. दोघांनी तो तसाच प्यायला, त्यांचं लक्षच नव्हतं. "बाबा असं नाही करायचे रे," ती म्हणत होती. "बाबा आधी पाव गिअर मारून घ्यायचे." तो खो खो हसत होता. पाव गिअर म्हणजे काय ते मला कळलं नाही. त्या दोघांच्या लहानपणची काहीतरी गंमत असणार. मला ती कोणी सांगितली नाही.

त्यानंतर ते रोजचंच झालं. नवरा कामावरून आला की शेडमध्ये. नणंद तिथे आधीच. तिच्या नखांत ग्रीस, हातात चिंधी, डब्यात नट-बोल्ट मापाने लावून ठेवलेले. मी ते नुसते एका डब्यात टाकायचे, त्यामुळे माझ्या डब्याकडे ती बघायची. बोलायची काही नाही. बघायची.

कंपाउंडर भिंतीवरून डोकावला. "काय वहिनी, तुमची नोकरी गेली वाटतं?"

"तुमची आहे ना अजून? मग जा, गोळ्या मोजा," मी म्हणाले.

तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. मी मागून हाक मारली तर ती वळायची नाही. दोनदा, तीनदा मारली तरी नाही. नवऱ्याने हाक मारली तर वळायची. तो जाड आवाजात बोलायचा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, माज. जेवताना मी बोलले की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, माझा पडलेला दात बघते. मी तोंडावर हात धरून बोलायला लागले तर म्हणाली, "वहिनी, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? नीट बोल की." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गाडीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. वेगात ठीक चालायची, पण हळू चालवली की उचकी लागल्यासारखी करायची. नवऱ्याने दोन्ही कार्बोरेटर खोलले, धुतले, पुन्हा बसवले. पेट्रोलचे जेट बदलले, केबल बदलल्या. उचकी कायम. मला आतून बरं वाटत होतं. मी म्हणाले, "एकदा मी ऐकून बघू का?"

"ताईने ऐकलंय," तो म्हणाला. "ताईला बाबांनी शिकवलंय."

"मलाही बाबांनीच शिकवलंय."

"हो गं. पण ती लहानपणापासून करते."

माझं लहानपण मी दुसऱ्या घरात घालवलं, हा माझा गुन्हा झाला.

मग एका संध्याकाळी नणंदेने शेडच्या फरशीवर खडूने गाडी काढली. छान काढली, ते मला मान्य करावं लागलं. पुढे बुटकं हँडल, टाकी तीच, आणि मागे एकाच माणसाचं सीट, शेवटाला उंचवटा. त्यामागे काही नाही. मागचा सांगाडा कापून टाकलेला.

"बघ बाळ्या, अशी केली तर बाणासारखी दिसेल."

नवरा उकिडवा बसला. लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवत नाही, पण असा नक्की झाला नव्हता.

"आणि मी कुठे बसायचं?" मी विचारलं.

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. "तू कुठे बसतेस आता? तुझे गुडघे दुखतात ना. परवाच म्हणालीस."

"जिना चढताना दुखतात. गाडीवर नाही."

"अगं, तुला बसमधून बरं," नवरा म्हणाला. तो अजून फरशीकडेच बघत होता. "सीटवाल्याला सांगतो उद्या. येत्या सुट्टीला सांगाडा कापू."

सांगाडा एकदा कापला की कापला. नट-बोल्टचं काम नव्हतं ते, परत लावता आलं नसतं. मी आत गेले आणि भाजी करपवली. मुद्दाम नाही. पण करपल्याचं वाईटही वाटलं नाही.

सुट्टी आली. सकाळी दोघांनी पुन्हा एकदा कार्बोरेटर जुळवायचा प्रयत्न केला. सीट कापायच्या आधी गाडी सुरळीत करू, असं नवरा म्हणाला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. नणंदेने नळी कानात धरली, डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. "डावं जास्त ओढतंय," म्हणाली. नवऱ्याने पेच फिरवला. "आता बरोबर." गाडीने उचकी दिली. नवऱ्याने वैतागून इंजिन बंद केलं आणि कुठून तरी चांगलं करवतीचं पातं आणायला बाहेर पडला. नणंद खोलीत गेली.

मी शेडमध्ये गेले ते नळी घ्यायला. मनात काही मोठं नव्हतं. सीट तुमचं, हँडल तुमचं, गाडी तुमची, निदान नळी तरी माझ्याजवळ राहू द्या, एवढंच. ती माझ्या ट्रंकेत ठेवायची आणि कोणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं.

खिळ्यावरून नळी काढली आणि सवयीने फुंकली. कानात घालायच्या आधी नळी फुंकून घ्यायची, आत धूळ असते, हे सासऱ्यांनी शिकवलेलं. फुंकर पलीकडे गेली नाही. जोराने फुंकली. गाल फुगले, पण नळी बंद. उजेडात धरून बघितलं. एका टोकाला कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, आत बोटाच्या पेराएवढी माती, वाळून दगड झालेली. आजची नव्हे, कालची नव्हे. मी खिळ्याने टोकरली तरी निघेना.

आणि आत्ताच, माझ्या डोळ्यांदेखत, नणंदेने याच नळीतून डावं जास्त ओढतंय असं ऐकलं होतं.

मी तशीच नळी घेऊन तिच्या खोलीच्या दारात गेले. ती खिडकीकडे तोंड करून वायसर निवडत बसली होती.

"ताई," मी म्हणाले. ती वळली नाही. "ताई!" वळली नाही. मी दाराची कडी वाजवली. खिडकीबाहेर एक पक्षी केवढ्याने ओरडत होता, त्याच्याकडेही तिने मान वर करून पाहिलं नाही. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ती एवढी दचकली की वायसर खोलीभर सांडले.

मी नळीचं बुजलेलं टोक तिच्यापुढे धरलं.

"ही बंद आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दाताकडे नाही, ओठांकडे.

"सकाळी यातून काय ऐकलंत?"

ती खाली बसून वायसर गोळा करायला लागली. मीही बसले.

"काही नाही ऐकलं," ती शेवटी म्हणाली. "नळी उघडी असती तरी नसतं ऐकलं. जाड आवाज येतात मला. बारीक येत नाहीत. शिट्टी, पाखरं, उकळतं पाणी, काही नाही. त्या प्रेसने खाल्ले कान. एकदा धोक्याची शिट्टी वाजली आणि मी मशीन चालूच ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बाई, घरी बसा."

"मग डावं, उजवं कसं सांगता?"

"टाकीवर हात ठेवते. थरथर लागते हाताला. पण हळू चालताना थरथर इतकी बारीक असते की एकटीला कळत नाही."

"यांना माहीत आहे?"

"बाळ्याला?" तिने माझं मनगट धरलं. "सांगू नकोस वहिनी. तो मला डॉक्टरांकडे फिरवेल, घरभर ओरडून बोलेल आणि शेडमध्ये पाय ठेवू देणार नाही. मग मी दिवसभर काय करू? तुझ्या स्वयंपाकघरात येऊ?"

"नको," मी पटकन म्हणाले. तीही हसली, मीही हसले. पण हसू टिकलं नाही.

"ती नळी बाबांनी मला दिली होती," ती म्हणाली. "तू या घरात आलीस त्यानंतर मी पहिल्यांदा राहायला आले, तर नळी तुझ्या कानात आणि बाबा तुझं कौतुक करतायत. मी जेवले नाही त्या दिवशी."

"डोकं दुखतंय म्हणाला होतात. मी बाम चोळला होता तुम्हाला."

"डोकं नव्हतं दुखत. आणि बाम डोळ्यांत गेला तो वेगळाच."

इतकी वर्षं ती माझ्यावर जळत होती आणि मला पत्ताही नव्हता. मला तिची दया यायला हवी होती. आली, पण मागाहून आली. आधी आला तो आनंद. कोणीतरी माझ्यावर जळावं असं माझ्याजवळ काही होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"सीट कापायचं नाही," मी म्हणाले.

"एवढंच?"

"आणि ऐकणार मी."

"मग मी काय करू?"

"पेच तुम्ही फिरवा. हात ठेवा टाकीवर, काय ठेवायचं ते ठेवा."

"आणि बाळ्या?"

"त्यांनी गप्प गाडी धरावी."

ती पुन्हा हसली, या वेळी मोठ्याने. तिला स्वतःचा आवाज कळत नसे, म्हणून ती इतक्या मोठ्याने हसायची. तेही मला आजवर उद्धटपणा वाटत होतं.

नवरा पातं घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी शेडमध्ये होतो. त्याने मागच्या सांगाड्यावर खडूची रेघ मारली आणि करवतीला पातं लावलं.

"बाळ्या, राहू दे," नणंद म्हणाली.

"काय राहू दे?"

"सीट. लांबच बरं आहे."

"अगं, तूच काढलंस ना ते चित्र!"

"काढलं. आता पुसते." आणि ती खरंच पायाने फरशीवरचं चित्र पुसायला लागली. "वहिनी कुठे बसेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुमचं दोघींचं काय शिजलंय?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली. तिने माझे ओठ बघूनच म्हटलं असावं.

भिंतीपलीकडून कंपाउंडर म्हणाला, "काय हो, ऑपरेशन रद्द?"

"रद्द," नवरा म्हणाला. "पेशंटचे नातेवाईक बदलले."

मी नळीचं बुजलेलं टोक कापून टाकलं, फुंकून घेतली. गाडी गरम झाली. नवऱ्याने विचारलं, आज ताई का नाही ऐकत? मी म्हणाले, त्यांच्या हाताला वळण आहे, पेच त्यांना फिरवू द्या. त्याला ते पटलं. बहिणीची स्तुती त्याला नेहमीच पटायची. तो समोर हँडल धरून उभा राहिला, एखाद्या लग्नात उगाच उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा.

मी डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. उजवं जास्त ओढत होतं, ऐकताच कळलं. इतके दिवस सगळं उलटंच चाललं होतं. मी उजव्या हाताने खूण केली, नणंदेने पेच घेतला. पुन्हा डावं, पुन्हा उजवं. अजून थोडं. आता दोन्हीकडे सारखं, एकाच माणसाचे दोन श्वास असावेत तसं. मी नळी काढली आणि मान हलवली. झालं.

तिने डावा हात टाकीवर पसरला. डोळे मिटले. उजव्या हाताने पेचकस धरलाच होता. तिने पेच आणखी किंचित फिरवला, इतका किंचित की फिरवला की नुसता शिवला ते दिसलंसुद्धा नाही. आणि गाडीचा आवाज खाली बसला. उचकी गेली. थरथर गेली. सीटवर ठेवलेला पाना इतका वेळ तडतडत होता, तो गप्प झाला.

"आई गं," नवरा म्हणाला. "ताई, हा हात आहे की काय!"

हात. माझ्या कानाचं नाव नाही. मी उजवं सांगितलं नसतं तर तो हात अजून डाव्यालाच झोंबत बसला असता. पण माझ्या कानाला जे कळलं नव्हतं ते तिच्या तळव्याला कळलं, हेही खरंच होतं. नवऱ्याला ही वाटणी कळलीच नाही आणि तिथेच मला पुन्हा आग लागली. सांगून टाकावं, आत्ता, असं तोंडाशी आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी ओठ मिटले. दया म्हणून नव्हे. ती गोष्ट माझ्याजवळ होती तोवर ती माझ्या मुठीत होती. बोलले असते तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

"चल," नवरा गाडीवर बसत म्हणाला. आणि थांबला. पहिल्यांदाच त्याला प्रश्न पडला होता की हे कोणाला म्हणायचं. नणंद माझ्या आणि सीटच्या मधे उभी होती. तिने पेचकस पुसला, खिशात ठेवला, आणि बाजूला झाली.

मी बसले. गुडघा दुखला, पण मी तोंड वाकडं केलं नाही.

आम्ही पुलापर्यंत गेलो. तशी गाडी मी त्याआधी अनुभवली नव्हती. रस्त्यावरचे खड्डे होते तेच होते, पण गाडीचा स्वतःचा असा त्रास काही उरला नव्हता. नुसतं सरकणं होतं. नवऱ्याच्या पाठीवरूनच मला कळलं की तो खूश आहे. मी त्याला घट्ट धरलं होतं. तरी सगळ्या वाटेने माझ्या मांडीखालच्या सीटमधून मला लागत होता तो तिचा हात.

परत आलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कशी चालली?"

"ठीक," मी म्हणाले.

तिला माझे ओठ दिसले. डोळेही दिसले असतील. ती हसली आणि आत गेली.

पुढे किती वर्षं आम्ही तिघं तसंच करत आलो. मी ऐकायचं, तिने फिरवायचं, त्याने धरायचं. नटांचा माझा डबा तिने एकदा लावून दिला, मी पुन्हा विस्कटला. गाडी छान चालली असं मी तिला म्हणाले नाही, तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तिच्या कानांचं मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलीला दुसरं मूल झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझा नवरा पंपावर काम करताना हृदय बंद पडून गेला. त्यानंतरच्या थंडीत, एका सकाळी, माझी नणंद वारली. नळी अजून खिळ्यावर आहे; ऐकायला मी आहे, फिरवायला आणि धरायला कोणी नाही.